क्षर आणि अक्षर
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. रंजकद्रव्य मिसळलेल्या बहुवारिक पटलातील विद्युत्‌भाराचा क्षय हा विषय त्याने का निवडावा, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर या ग्रंथालयाच्या कपाटांतच आहे. तेथील कित्येक जुन्या ग्रंथांचा कागद आता इतका ठिसूळ झाला आहे, की पान उलटताना त्याचा कोपरा हातात येतो. अशा ग्रंथांच्या छायाप्रती काढून मूळ प्रती वापरातून काढाव्यात, असा विचार कार्यकारिणीपुढे आहे. छायाप्रत, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील झेरॉक्स, ज्या यंत्रातून निघते त्याच्या पोटात एक दंडगोल फिरत असतो आणि त्या दंडगोलावर केसाहून पातळ असे एक पटल असते. आपल्या शंभर वर्षांच्या संचिताचे पुढील आयुष्य जर त्या पटलावर सोपवायचे असेल, तर ते पटल काय करते हे आपण समजून घ्यावे, आणि ते आपल्या भाषेत समजून घ्यावे, एवढाच माझा आग्रह आहे.

या नगरीत असा आग्रह धरणे नवे नाही. १८९० साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने येथे कलाभवन स्थापन झाले. त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने वाहिली. रंगविद्या हा गज्जरांच्या अभ्यासाचा आणि कलाभवनातील शिक्षणाचा एक प्रमुख विषय होता, आणि कारागिराला शास्त्र शिकवायचे तर ते त्याच्या मातृभाषेतून शिकवले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९३१ साली याच संस्थानातून 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा बहुभाषी कोश निघाला आणि राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी, गुजरातीसह अनेक भाषांतील पर्याय एका ठिकाणी मिळाले. रंगाचे शास्त्र आणि शब्दाची निर्मिती, हे दोन्ही वारसे बडोद्याचेच आहेत. आजच्या विषयात ते एकमेकांना भेटतात.

मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. म्हणून शब्दापासून आरंभ करतो. विजेच्या शास्त्रात मायकेल फॅरडे यांचे स्थान केवढे मोठे आहे, हे आपण जाणता. नव्या कल्पनांना नावे हवीत म्हणून फॅरडे यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील विल्यम ह्युएल या बहुश्रुत पंडिताला पत्रे लिहिली. १८३४ च्या सुमारास अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द या पत्रव्यवहारातून रूढ झाले. 'डायइलेक्ट्रिक' हा शब्दही ह्युएल यांचाच. ज्यातून वीज वाहत नाही, परंतु ज्याच्या अंतरंगावर विजेचा प्रभाव पडतो, असा पदार्थ म्हणजे डायइलेक्ट्रिक. आपण त्याला विद्युत् अपारक म्हणतो. काच, मेण, गंधक, अभ्रक आणि आजची सारी प्लॅस्टिके या वर्गात मोडतात. पॉलिमरला आपल्या परिभाषेत बहुवारिक असा शब्द आहे. एकच लहान घटक वारंवार जोडला जाऊन बनलेली लांब साखळी, हा अर्थ त्या शब्दातूनच कळतो.

अपारक पदार्थावर विजेचा प्रभाव पडतो म्हणजे काय होते? हेच सभागृह डोळ्यांसमोर आणा. येथे प्रत्येक श्रोता आपल्या खुर्चीवर बसला आहे. मागच्या दाराशी काही आवाज झाला, तर सर्वांच्या माना तिकडे वळतील; पण कोणी जागा सोडणार नाही. बहुवारिकाच्या साखळीवर अनेक ठिकाणी असे लहान लहान गट असतात, की ज्यांच्या एका टोकाशी किंचित धन आणि दुसऱ्या टोकाशी किंचित ऋण भार असतो. त्यांना द्विध्रुव म्हणतात. बाहेरून विद्युत्‌क्षेत्र लावले, की हे द्विध्रुव त्या दिशेला वळतात. क्षेत्र काढून घेतले, की ते पुन्हा विस्कळीत होतात. या विस्कळीत होण्याला शिथिलन आणि त्यासाठी लागणाऱ्या वेळाला शिथिलनकाल असे नाव आहे. या घटनेचा पहिला सुसंगत सिद्धान्त पीटर डिबाय यांनी १९१२-१३ च्या सुमारास मांडला. रेणूंच्या रचनेविषयीच्या त्यांच्या एकूण कार्यासाठी त्यांना १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिथिलनकालाची व्याप्ती थक्क करणारी आहे. नेहमीच्या तापमानाला पाण्याचा रेणू सुमारे ८ पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या आठ लक्ष-कोट्यंशांत, आपली दिशा विसरतो. तेच पाणी शून्य अंशाला गोठून बर्फ झाले, की हा काल दहा लाख पटींहून अधिक वाढतो. रेणू तोच असतो. मोकळीक गेलेली असते. बहुवारिकाचेही असेच आहे. पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत काचेसारखे कडक राहते. त्याच्या खाली लांब साखळ्या जवळजवळ थिजलेल्या असतात. त्याच्या वर त्यांना वळायला वाव मिळतो. म्हणून तापवलेल्या बहुवारिकावर क्षेत्र लावून ते तसेच थंड केले, तर द्विध्रुवांची रांग आत गोठून राहते आणि पदार्थाला जणू स्मृती प्राप्त होते.

ही झाली माना वळवण्याची गोष्ट. दुसरी गोष्ट याहून वेगळी आहे. व्याख्यान संपल्यावर श्रोते खुर्च्या सोडून बाहेर जातात, त्याप्रमाणे पटलावर बाहेरून आणून ठेवलेला विद्युत्‌भार प्रत्यक्ष जागा सोडून पटलातून निघून जातो. हा भाराचा क्षय. पृष्ठभागावरचा दाब मोजणाऱ्या उपकरणाला दोन्ही घटनांमुळे दाब घटलेलाच दिसतो. द्विध्रुव वळले, की भार ओसरला, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. ते वेगळे करण्याची एक सुंदर रीत बुच्ची आणि फिएस्की या इटालियन संशोधकांनी १९६४ मध्ये रूढ केली. क्षेत्र लावून पदार्थ थंड करायचा आणि मग क्षेत्र काढून तो संथ, ठरावीक गतीने तापवत न्यायचा. जे जे आत गोठले असेल ते ते आपापल्या तापमानाला सुटते आणि मंडलातून अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो. प्रवाहाच्या आलेखात जेथे शिखर दिसते, तेथे काहीतरी सुटले असे समजायचे. पटलाची जाडी, लावलेले क्षेत्र, तापवण्याची गती बदलून पाहिली, की कोणते शिखर द्विध्रुवांचे आणि कोणते अडकलेल्या भाराचे, याचा उलगडा होऊ लागतो.

सभागृह रिकामे होण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. दाराजवळचे लोक क्षणात बाहेर पडतात. मधले रांगेत थांबतात. काही ओळखीच्या माणसांशी बोलत रेंगाळतात, आणि शेवटचे दोघेतिघे दिवे मालवेपर्यंत हलत नाहीत. म्हणून सभागृह आधी झपाट्याने आणि मग अगदी सावकाश रिकामे होते. साध्या क्षयाचा नियम असा, की जेवढा वेळ अर्धे जाण्यास लागला, तेवढाच वेळ उरलेल्याचे अर्धे जाण्यास लागतो. अपारक पदार्थ हा साधा नियम सहसा पाळत नाहीत. रुडॉल्फ कोलराउश यांनी १८५४ मध्येच, लेडन बरणीत मागे राहणाऱ्या भाराचा अभ्यास करताना, ही रेंगाळणारी घट टिपली आणि तिच्यासाठी एक सूत्र दिले. पुढे १९७० मध्ये विल्यम्स आणि वॉट्स यांनी त्याच आकाराचे सूत्र बहुवारिकांच्या शिथिलनाला लावले. पदार्थाच्या आत सर्व जागा सारख्या नसतात. कोठे भाराला सहज वाट मिळते, तर कोठे तो खोल खळग्यात अडकून बसतो, हे यामागचे मुख्य कारण.

आता प्रश्न असा, की भार टिकावा हे चांगले, की जावा हे चांगले? उपयोगावर ते ठरते. जपानमधील मोतोतारो एगुची यांनी १९२० च्या आगेमागे कार्नोबा मेण आणि राळ यांचे वितळलेले मिश्रण प्रबळ विद्युत्‌क्षेत्रात गोठवून दीर्घकाळ विद्युत्‌भारित राहणारे पदार्थ तयार केले. त्यांना इलेक्ट्रेट म्हणतात. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी पातळ बहुवारिक पटलाचा इलेक्ट्रेट वापरून ध्वनिग्राहक बनवला, आणि पुढे टेलिफोन व टेपरेकॉर्डर यांत त्याचा सर्वत्र प्रसार झाला. तेथे भार वर्षानुवर्षे टिकला पाहिजे; विस्मरण म्हणजे बिघाड. छायाप्रतीच्या यंत्राची गरज मात्र याहून विलक्षण आहे. तेथील पटलाने अंधारात भार धरून ठेवावा आणि प्रकाश पडताच, आणि प्रकाश पडेल तेवढ्याच जागी, तो सोडून द्यावा. जो पदार्थ केवळ धरतो तो तेथे निरुपयोगी, आणि जो केवळ सोडतो तोही निरुपयोगी. अंधारातील क्षय आणि उजेडातील क्षय यांच्या काळांत जे अंतर पडते, त्या अंतरावर हे सारे तंत्र उभे आहे.

हे प्रथम साधले ते चेस्टर कार्लसन यांना. एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करताना कागदपत्रांच्या प्रती मिळवण्याचा त्रास त्यांनी भोगला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातील एका खोलीत त्यांनी आणि त्यांचे साहाय्यक ओटो कोर्नाय यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, तो कापडाने घासून भारित केला, त्यावर तारीख आणि स्थळनाम लिहिलेली काच ठेवून दिव्याचा प्रकाश पाडला आणि लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची भुकटी टाकली. भुकटी अक्षरांच्या जागी चिकटून राहिली. ती मेणकागदावर उचलली गेली. व्यवहारात यशस्वी ठरणारे यंत्र बाजारात येण्यास त्यानंतर दोन दशके लागली. १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे यंत्र आले. या तंत्राला 'झेरोग्राफी', म्हणजे कोरडे लेखन, हे नाव सुचवले ते ओहायो स्टेट विद्यापीठातील ग्रीक आणि लॅटिन या अभिजात भाषांच्या एका प्राध्यापकाने. फॅरडे यांना ह्युएल मिळाले, कार्लसन यांच्या शोधाला भाषेचा एक अध्यापक मिळाला. शास्त्राच्या घरी भाषेच्या माणसाचे काही काम असते, हे यावरून ध्यानात यावे.

आरंभीच्या यंत्रांत गंधकाची जागा सेलेनियमने घेतली होती. त्याचा थर निर्वातात बसवावा लागे. बहुवारिकाचे पटल मात्र द्रावणातून सहज ओतता येते, ते लवचिक असते. अडचण एकच होती: स्वच्छ, पारदर्शक बहुवारिक दृश्य प्रकाश शोषीतच नाही; आणि जो प्रकाश शोषला जात नाही, तो कसलेही कार्य करीत नाही. येथे रंगाचा प्रवेश होतो.

वस्तू रंगीत दिसते, कारण ती प्रकाशाचा काही भाग शोषून घेते. कापडावरच्या रंगात त्या शोषलेल्या ऊर्जेची बहुतांशी उष्णता होते. पटलातील रंगरेणूत मात्र ती ऊर्जा प्रबळ क्षेत्राच्या साहाय्याने भारांची जोडी फोडते. एक भार मोकळा होऊन पटलातून चालू लागतो. जस्ताच्या भस्माचा थर दिलेल्या प्रतिलेखनाच्या कागदांत रोझ बेंगाल हे रंजकद्रव्य याच हेतूने वापरले जाई. १९७० मध्ये आय.बी.एम. कंपनीने आपल्या पहिल्या प्रतियंत्रात पॉलिव्हिनाइल कार्बाझोल या बहुवारिकात ट्रायनायट्रोफ्लुओरेनोन हे द्रव्य मिसळले. एक जवळजवळ रंगहीन, दुसरे फिकट पिवळे. पण दोघांच्या संगतीतून गडद रंग उमटतो आणि दृश्य प्रकाश शोषला जातो. हळदीत चुन्याची निवळी पडताच लाल रंग यावा, तसेच काहीसे हे दिसते. यामागचे रसायन मात्र वेगळे आहे. आजच्या दंडगोलांवर बहुधा दोन थर असतात. आतला, एका मायक्रोमीटरहूनही पातळ असलेला थर फ्थॅलोसायनिनसारख्या रंगद्रव्याचा असतो. तो प्रकाश शोषून भार निर्माण करतो. वरचा सुमारे वीस मायक्रोमीटरचा थर पॉलिकार्बोनेटसारख्या बहुवारिकात विशिष्ट रेणू विरघळवून केलेला असतो. तो भाराला वाट देतो.

मिसळलेल्या रेणूंचे प्रमाण हा येथील कळीचा मुद्दा आहे. नदीच्या उतारावर पाऊल टाकण्यासाठी दगड ठेवलेले असतात. ते जवळ जवळ असतील, तर माणूस एकावरून दुसऱ्यावर उडी घेत पैलतीराला जातो. पात्रात एखाददुसराच दगड असेल, तर त्यावर चढलेला माणूस तेथेच अडकतो. बहुवारिकात रेणू थोडे असतील, तर ते भाराला अडकवणारे सापळे ठरू शकतात. पुरेसे असतील, तर तेच त्याच्या वाटेवरचे दगड होतात. आणि प्रमाण अती झाले, तर पटल मऊ पडते, अंधारातही भार झिरपू लागतो. एकच द्रव्य प्रमाणाप्रमाणे अडसर होते किंवा वाट होते, हे सूत्र पदार्थविज्ञानापुरते मर्यादित नाही, असे मला वाटते.

या पटलावर ताण केवढा असतो, तेही पाहा. वीस मायक्रोमीटरच्या थरावर सहाशे व्होल्टचा दाब दिला, तर हिशेबाने सेंटिमीटरमागे तीन लाख व्होल्ट एवढे क्षेत्र होते. सेंटिमीटरमागे सुमारे तीस हजार व्होल्टला हवेत ठिणगी पडते. त्याच्या दहापट ताण हे पटल अंधारात निमूटपणे सोसते, आणि उजेडाच्या स्पर्शासरशी सोडते.

आता एक जुने पान काचेवर पालथे घाला. दंडगोल अंधारात भारित झालेला आहे. दिवा सरकतो. कोऱ्या कागदावरून परावर्तित झालेला प्रकाश पटलावर पडतो आणि तेथील भार ओसरतो. काळ्या अक्षरांवरून प्रकाश परतत नाही. तेथील भार जागचा हलत नाही. विरुद्ध भाराची काळी भुकटी तेवढ्याच जागी आकर्षित होते, कागदावर उतरते आणि उष्णतेने त्यात चिकटते. आपल्या पूर्वसूरींनी 'अक्षर' या शब्दाची फोड 'जे क्षरत नाही ते' अशी केली. ज्या जागी भार क्षरत नाही, त्या जागी अक्षर उमटते, हे या यंत्राचे वर्णन त्या व्युत्पत्तीशी शब्दशः जुळते. अर्थात जुळणी एवढ्यापुरतीच आहे. पूर्वजांना हे यंत्र ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. तसे दावे शास्त्राचाही अपमान करतात आणि पूर्वजांचाही. शिवाय लेसर मुद्रकात आणि आजच्या अंकीय यंत्रांत क्रम सहसा उलटा असतो: तेथे प्रकाशकिरण अक्षराच्याच जागेचा भार घालवतो आणि त्याच चिन्हाची भुकटी त्या रिक्त जागी बसते. तेथे क्षरलेल्या जागी अक्षर येते. रीत कोणतीही असो, भारित आणि अभारित जागांतील भेद टिकला, तरच अक्षर सुवाच्य राहते. पटल जुने झाले, तापले, ओरखडले, की तो भेद पुसट होतो आणि प्रत करडी येते.

कार्यकारिणीने यातून व्यवहाराच्या चार गोष्टी ध्यानी घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. प्रतीतील काळेपणा बहुधा काजळीचा असतो. तो उजेडाने सहसा फिका पडत नाही. पण ती काजळी धरून ठेवणारे द्रव्य बहुवारिकच आहे. म्हणून या प्रती मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्यांत ठेवू नयेत; त्या प्लॅस्टिकातील मृदुकारक द्रव्यामुळे अक्षरे कागद सोडून पिशवीला चिकटतात. प्रत आम्लरहित कागदावर काढावी, नाहीतर मूळ ग्रंथाला जडलेला रोगच प्रतीलाही जडेल. आणि ठिसूळ ग्रंथ काचेवर दाबून त्याची शिवण उसवण्यापेक्षा, तो पुरता न उघडता वरून छायाचित्रे घेऊन त्यांवरून प्रती मुद्रित कराव्यात. मूळ ग्रंथाला हा शीण एकदाच पडावा. पुढच्या प्रती प्रतीवरून निघाव्यात.

श्रोतेहो, येथवर मी शिथिलन, द्विध्रुव, अपारक, बहुवारिक असे शब्द वापरले. यांतील बरेचसे शब्द कोशकारांनी आणि विश्वकोशाच्या लेखकांनी कष्टाने घडवून ठेवले आहेत. ते कठीण वाटतात, कारण ते वापरले जात नाहीत. डायइलेक्ट्रिक हा शब्दही ह्युएल यांच्या काळी इंग्रज वाचकाला परकाच होता. वापराने तो घरचा झाला. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलो. बाजारात गुजराती, कचेरीत इंग्रजी, आणि मराठी घरात, सणावारात व नाट्यप्रयोगात, अशी वाटणी आपण स्वीकारली. या वाटणीत ज्ञानाचा वाटा मराठीकडे आला नाही, तर पुढच्या पिढीला मराठी ही आजीची भाषा म्हणून प्रिय राहील, पण विचारासाठी तिच्याकडे कोणी वळणार नाही. आपल्या ग्रंथालयातील शास्त्रविषयक मराठी पुस्तकांचे कपाट शताब्दीनंतर अधिक वेळा उघडावे, आणि येथील महाविद्यालयांत शास्त्र शिकवणाऱ्या मराठी मंडळींनी वर्षातून एकदा तरी आपल्या विषयावर या व्यासपीठावरून मराठीत बोलावे, ही माझी सूचना मी अध्यक्षांच्या हाती देतो.

ग्रंथालयही धरून ठेवते आणि सोडून देते. ग्रंथ केवळ कुलपात राहिले, तर ते कोणाच्या उपयोगाचे नाहीत. बेफिकिरीने दिले गेले, तर ते उरत नाहीत. शंभर वर्षे ज्यांनी ही दोन्ही कामे निगुतीने केली, त्या ज्ञात-अज्ञात ग्रंथपालांना आणि सेवकांना माझे वंदन.